एक हस्तलिखित, एक 'जर' आणि दोन आणीबाण्या

मागच्या काही लेखांनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे: फिजिक्समधून एम.एस्सी. केलेला माणूस कोर्टाचे निकाल का वाचत बसतो? नेट-सेटची तयारी करताना आम्ही हे कुठे वापरायचं? रास्त प्रश्न आहे. माझा पीएचडीचा विषय मराठीतलं लोकप्रिय विज्ञानलेखन हा आहे. छापून आलेली पुस्तकं ग्रंथालयात सापडतात. पण एखादं पुस्तक छापायला कोणी आडकाठी केली, कोणत्या अधिकारात केली आणि ती कशी दूर झाली, हे ग्रंथालयाच्या कपाटात सापडत नाही. त्यासाठी सरकारी पत्रव्यवहार आणि कोर्टाची दप्तरं चाळावी लागतात. आज ज्या खटल्याबद्दल लिहितोय तो याच वाटेवर भेटला. त्यात क्वांटम सिद्धांत आहे, आर्थर रोडचा तुरुंग आहे, आणि सरकारच्या अधिकाराला मर्यादा कुठे पडते या प्रश्नाचं एक अतिशय नेमकं उत्तर आहे. त्या उत्तराची पुढे जी गत झाली तीही सांगायची आहे, कारण खरी गंमत (आणि खरं दुःख) तिथेच आहे.

खटल्याचं नाव: महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 6 सप्टेंबर 1965 चा. तारखेकडे जरा थांबून बघा. त्याच दिवशी भारतीय सैन्याने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने आघाडी उघडली होती. देश युद्धात उतरलेला आणि दिल्लीत सर्वोच्च न्यायालय निकाल देतंय की, स्थानबद्ध माणसाने लिहिलेलं पुस्तक तुरुंगाबाहेर जाऊ द्या. निकालपत्रात युद्धाचा उल्लेख शोधू नका, खटला आधीपासून चालू होता. पण अशी तारीख दिसली की ती वहीत वेगळ्या शाईने लिहून ठेवायची सवय लावून घ्या.

आता हकीकत. ऑक्टोबर 1962 मध्ये चीनने आक्रमण केलं आणि 26 ऑक्टोबरला राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली. ही आपली पहिली आणीबाणी. आपल्या डोक्यात 'आणीबाणी' म्हटलं की थेट 1975 येतं, पण ही पहिली आणीबाणी युद्ध थांबल्यावरही चालूच राहिली आणि जानेवारी 1968 पर्यंत टिकली, म्हणजे पाच वर्षांहून जास्त. या काळात भारत संरक्षण कायदा, 1962 आणि त्याखालचे नियम लागू होते. त्यातल्या नियम 30 खाली सरकार कोणालाही खटला न चालवता स्थानबद्ध करू शकत होतं. 'स्थानबद्ध' आणि 'कैदी' यांत फरक आहे, तो लक्षात ठेवा. कैद्याला गुन्ह्यासाठी शिक्षा झालेली असते. स्थानबद्धाने काही केलं म्हणून नव्हे, तो पुढे काहीतरी करेल असं सरकारला वाटतं म्हणून तो आत असतो.

संझगिरी महाराष्ट्र सरकारच्या अशाच आदेशाने मुंबईच्या तुरुंगात होते. आत असताना त्यांनी मराठीत एक पुस्तक लिहिलं: 'अणूच्या अंतरंगात'. विषय मूलकण आणि क्वांटम सिद्धांत, सामान्य वाचकासाठी. लिहायला सरकारची परवानगी होती, म्हणजे चोरीछुपे काही चाललेलं नव्हतं. (ते 1964 साल होतं. क्वार्कची कल्पना गेल-मान आणि झ्वाइग यांनी मांडली ती याच वर्षी, आणि ओमेगा-वजा हा कण प्रयोगात दिसला तोही याच वर्षी. मूलकणांबद्दल लिहायला याहून जिवंत काळ शोधून सापडला नसता.)

सप्टेंबर 1964 मध्ये त्यांनी सरकारकडे अर्ज केला: हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवू द्या. सरकारने उत्तर दिलं 27 मार्च 1965 रोजी. सुमारे सहा महिन्यांनी. उत्तर नकाराचं. मग त्यांनी आर्थर रोड तुरुंगाच्या अधीक्षकांकडे अर्ज केला. तिथेही नकार. शेवटी ते घटनेच्या कलम 226 खाली मुंबई उच्च न्यायालयात गेले.

इथे प्रतिज्ञापत्र नावाच्या कागदाची ओळख करून घेऊ. रिट याचिका झाली की सरकार आपलं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर मांडतं. संशोधक म्हणून तुम्ही ते दोनदा वाचायचं. एकदा त्यात काय लिहिलंय यासाठी, आणि दुसऱ्यांदा काय लिहिलेलं नाही यासाठी. या पुस्तकामुळे देशाच्या संरक्षणाला धोका आहे, असं महाराष्ट्र सरकारने कुठेही म्हटलं नव्हतं. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका आहे असंही नाही. सरकारचं म्हणणं एवढंच होतं, की स्थानबद्धाला पुस्तक प्रकाशित करू देण्याचं कायद्याने आमच्यावर बंधन नाही.

न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका वाचली. मला हा तपशील फार आवडतो. काळे डगले घातलेले मुंबईचे न्यायमूर्ती मूलकणांच्या मराठी पुस्तकाची अनुक्रमणिका चाळतायत. त्यांनी मत नोंदवलं की पुस्तक विषयाची वस्तुनिष्ठ मांडणी करतं, त्याचा दावा संशोधनग्रंथ असल्याचा नाही, लोकांना या विषयाचं ज्ञान व्हावं हा त्याचा हेतू आहे. मराठी विज्ञानपुस्तकाची एवढी नेमकी समीक्षा आपल्या नियतकालिकांतही क्वचित येते, हे जाता जाता. उच्च न्यायालयाने आदेश दिला: हस्तलिखित त्यांच्या मुंबईतल्या पत्नीकडे प्रकाशनासाठी जाऊ द्या. सरकार त्याविरुद्ध अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेलं. मूलकणांवरच्या एका पुस्तकासाठी!

आता युक्तिवादाकडे येऊ. हा भाग सावकाश वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे, तुम्हाला वाटेल हा सरळसरळ अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा खटला आहे, कलम 19. पण ते दार बंद होतं. घटनेच्या कलम 358 नुसार आणीबाणी लागू होताच कलम 19 आपोआप निष्प्रभ होत असे. शिवाय कलम 359 खाली राष्ट्रपतींनी 3 नोव्हेंबर 1962 रोजी आदेश काढून कलम 21 आणि 22 यांच्यासाठी कोर्टात जाण्याचा हक्कही स्थगित केला होता. पाठोपाठ कलम 14 चीही त्यात भर पडली. म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य कागदावर होतं, पण ते मागायला कोर्टात जाता येत नव्हतं. मग संझगिरींची याचिका कोर्टाने ऐकलीच कशी?

उत्तर त्या आदेशातल्या एका 'जर'मध्ये आहे. आदेशात म्हटलं होतं की हा हक्क स्थगित राहील, जर त्या माणसाचं स्वातंत्र्य भारत संरक्षण कायद्याखाली किंवा त्याखालच्या नियम-आदेशांखाली काढून घेतलेलं असेल तर. वरवर पाहता ही नेहमीची सरकारी भाषा. पण याच्या उलट बाजूने बघा. सरकारने एखाद्याचं स्वातंत्र्य त्या कायद्याखाली न काढता, त्या कायद्याला सोडून काढलं असेल, तर स्थगिती त्याला लागूच होत नाही. कोर्टाचं दार उघडं. 1963 च्या मखनसिंग खटल्यात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने स्थगिती मान्य केली होती, आणि ती मान्य करतानाच तिच्या कडा कुठे संपतात हेही सांगून ठेवलं होतं. सरकारने दुष्ट हेतूने आदेश काढला असेल, किंवा कायद्यातल्या अटी पाळल्या नसतील, तर आव्हान देता येईल. संझगिरींच्या खटल्यात हीच कड उपयोगी पडली.

आता प्रश्न उरला तो असा: हस्तलिखित अडवणं हे 'कायद्याखाली' होतं की कायद्याला सोडून?

सरकारने आधार घेतला ए. के. गोपालन खटल्याचा. मे 1950 मधला हा निकाल, घटना लागू होऊन चारच महिने झालेले. कम्युनिस्ट नेते गोपालन प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत होते. बहुमताने ठरवलं की घटनेतला प्रत्येक हक्क आपापल्या कप्प्यात राहतो. कलम 19 चं एक, कलम 21 चं दुसरं, आणि विधिमंडळाने रीतसर केलेला कायदा असला की कलम 21 ची गरज भागली. न्या. दास यांनी त्यात असं मत मांडलं होतं की कलम 19 मधली स्वातंत्र्यं ही मोकळ्या माणसाची लक्षणं आहेत. कायदेशीररीत्या माणूस आत गेला की ती लक्षणंही गेली. झाड पाडलं की फांद्या वेगळ्या तोडाव्या लागत नाहीत, तसा हा विचार. (गोपालन खटल्यात न्या. फझल अली यांचं भिन्नमत आहे. ते जरूर वाचा. पुढच्या तीस वर्षांत कोर्ट ज्या रस्त्याने गेलं त्याचा बराचसा नकाशा त्यात आहे.)

महाराष्ट्र सरकारने हा विचार पुढे नेला. स्थानबद्ध माणूस मोकळा नाही. म्हणून त्याला फक्त तेच करता येईल जे स्थानबद्धतेच्या अटींच्या आदेशाने त्याला दिलं आहे. मुंबई स्थानबद्धता अटी आदेश, 1951 या आदेशात पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याचा हक्क कुठे लिहिलाय? नाही लिहिलेला. म्हणून तो नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर वाद शून्य गृहीतकाचा आहे. काहीच लिहिलेलं नसेल तेव्हा काय धरायचं? सरकार म्हणतं: नोंद नाही, म्हणजे मनाई. संझगिरी म्हणतात: नोंद नाही, म्हणजे मुभा. दोघांकडे कागद एकच, आणि त्या कागदावर या बाबतीत दोघांपुढेही कोरी जागा. कोऱ्या जागेचा अर्थ कोणी लावायचा आणि सिद्ध करण्याचा भार कोणावर, एवढाच प्रश्न.

निकाल लिहिला न्या. के. सुब्बाराव यांनी. त्यांनी सरकारचं सूत्र उचललं आणि त्यात टोकाची किंमत घातली. तुम्ही सायन्सवाले असाल तर ही युक्ती तुमच्या ओळखीची आहे. एखादं समीकरण बरोबर आहे का हे बघायचं तर चल राशी शून्य करून बघतो, अनंत करून बघतो, उत्तर वेडंवाकडं आलं तर समीकरणात गडबड आहे. सुब्बाराव म्हणाले, सरकारचं म्हणणं खरं धरलं, तर ज्या अटींच्या आदेशात जेवण देण्याबद्दल काही लिहिलेलं नाही, त्या आदेशाखाली स्थानबद्धाला उपाशी मारणंही कायदेशीर ठरेल. कारण जेवणाचा हक्क त्याला 'दिलेला' नाही! माणसाच्या स्वातंत्र्याशी संबंध असलेल्या नियमांचा असा अर्थ, तसंच सबळ कारण असल्याशिवाय, लावता येणार नाही.

म्हणून त्यांनी अटींचा आदेश उलटा करून वाचला. तो आदेश स्थानबद्धाला हक्क देणारा कागद नाही. स्थानबद्धाच्या उरलेल्या स्वातंत्र्यावर सरकार कुठे कुठे बंधन घालू शकतं, याची ती यादी आहे. त्या यादीत पुस्तक लिहायला किंवा बाहेर पाठवायला मनाई नाही. म्हणजे सरकारने जी मनाई केली ती कोणत्याही नियमाखाली केलेली नाही, नियमाला सोडून केली आहे. आणि नियमाला सोडून केली, म्हणून राष्ट्रपतींच्या आदेशातला 'जर' पूर्ण होत नाही, म्हणून कोर्टाचं दार उघडं. अपील फेटाळलं.

बांधणी बघा कशी घट्ट आहे. आणीबाणी वैध की अवैध, याला हात लावलेला नाही. स्थानबद्धतेलाही नाही, संझगिरी आतच राहिले. कलम 19 पुन्हा जिवंत केलेलं नाही. सुब्बाराव यांची स्वतःची मतं याहून पुढची होती. 1962 च्या खरकसिंग खटल्यात त्यांनी भिन्नमत देऊन म्हटलं होतं की कलम 19 आणि 21 एकमेकांत मिसळलेली आहेत, आणि खासगीपणाही व्यक्तिस्वातंत्र्यात येतो. मखनसिंग खटल्यातही ते भिन्नमतात होते. पण इथे त्यांनी ते सगळं बाजूला ठेवलं आणि समोरच्या कागदातल्या शब्दांवर निकाल दिला. संशोधनात आपल्याला सतत मोह होतो: हातात एक छोटा पुरावा आला की त्यावर मोठा सिद्धांत उभा करावा. त्या दृष्टीने हा निकाल शिकण्यासारखा आहे.

पण, आणि हा माझा मुख्य मुद्दा आहे, हाच त्याचा कच्चा दुवाही होता. सगळी इमारत त्या 'जर'वर उभी होती. 'जर' काढला तर?

25 जून 1975 रोजी अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी जाहीर झाली. (1971 च्या युद्धाच्या वेळची आणीबाणी तोपर्यंत उठलेलीच नव्हती, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. म्हणजे एकावर एक अशा दोन चालू होत्या.) 27 जूनला कलम 359 खाली राष्ट्रपतींचा नवा आदेश निघाला. कलम 14, 21 आणि 22 यांसाठी कोणत्याही कोर्टात जाण्याचा हक्क स्थगित. 1962 चा आदेश शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून वाचा. या कायद्याखाली स्वातंत्र्य काढलं असेल तर, ही अट गायब आहे. आता एक सावधगिरीची सूचना. संझगिरी आणि मखनसिंग खटल्यांमुळे सरकारने ती अट वगळली, असं वाक्य लिहायला हात शिवशिवतो. 1965 नंतर 1975 आलं एवढ्यावरून ते लिहिता येत नाही. मसुदा तयार करणाऱ्या खात्याच्या फाइलीतला कागद दाखवावा लागेल. दोन आदेशांच्या भाषेतला फरक मात्र छापील आहे, तो निर्धास्त लिहा.

मिसाखाली हजारो माणसं आत गेली. त्यांच्या नातेवाइकांनी उच्च न्यायालयांत हेबियस कॉर्पसच्या याचिका केल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी सांगितलं की याचिका चालतील. निदान आदेश कायद्याला धरून निघालाय का, एवढं तरी आम्ही तपासू. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तोच एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल खटला, निकाल 28 एप्रिल 1976. पाच न्यायमूर्ती, चार विरुद्ध एक. बहुमतात सरन्यायाधीश अ. ना. राय, न्या. बेग, न्या. यशवंत चंद्रचूड आणि न्या. भगवती. भिन्नमतात एकटे न्या. हंसराज खन्ना.

सुनावणीत न्या. खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं: एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारलं तर? तुमच्या म्हणण्याप्रमाणे काही दाद मागता येईल का? डे यांनी उत्तर दिलं की आमच्या युक्तिवादाप्रमाणे, आणीबाणी आहे तोवर, नाही.

1965 मधला उपासमारीचा प्रश्न आठवा. रीत तीच आहे, सूत्रात टोकाची किंमत घालून बघणं. 1965 मध्ये उत्तर भयंकर आलं म्हणून कोर्टाने सूत्र टाकून दिलं. 1976 मध्ये उत्तर त्याहून भयंकर आलं, सरकारी वकिलांनी ते भर कोर्टात मान्य केलं, आणि चार न्यायमूर्तींनी सूत्र ठेवलं. मखनसिंगच्या पंक्तीतले जुने निकाल उपयोगाचे नाहीत, असं बहुमताने धरलं, कारण तेव्हाचा आदेश सशर्त होता आणि आताचा बिनशर्त आहे. आदेश कायद्याला धरून नाही, दुष्ट हेतूने काढलाय, असं म्हणायलासुद्धा स्थानबद्धाला उच्च न्यायालयात उभं राहता येणार नाही.

पूर्वीचा निकाल खोटा न ठरवता तो 'इथे लागू नाही' म्हणून बाजूला ठेवण्याच्या या रीतीला कायद्यात फार महत्त्व आहे. निकाल वाचताना तुमची नजर तिथे बसली पाहिजे. संझगिरींच्या निकालाचंही तसंच झालं. जानेवारी 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई आणि कर्नाटक उच्च न्यायालयांचे स्थानबद्धांच्या तुरुंगातल्या अटींविषयीचे आदेश रद्द केले (भारत सरकार विरुद्ध भानुदास कृष्ण गावडे). तिथे संझगिरींचा निकाल पुढे ठेवला गेला होता. कोर्टाने तोच भेद दाखवून तो बाजूला सारला: तेव्हा अट होती, आता नाही. बारा वर्षांपूर्वी ज्या 'जर'ने हस्तलिखिताला वाट दिली, त्याच 'जर'च्या अनुपस्थितीने वाट बंद केली.

न्या. खन्नांचं उत्तर या दोन्हींपेक्षा वेगळ्या पायावर होतं. आदेशात अट आहे की नाही यात ते अडकले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की, जीवित आणि स्वातंत्र्य कलम 21 ने जन्माला घातलेलं नाही. घटना येण्यापूर्वीही कायद्याच्या आधाराशिवाय सरकार कोणाचं स्वातंत्र्य हिरावू शकत नव्हतं. मग कलम 21 साठी कोर्टात जाणं स्थगित केलं, तरी कायद्याचा आधार दाखवण्याची सरकारची जबाबदारी कशी संपेल? सुब्बाराव यांनी कोरी जागा माणसाच्या बाजूने वाचली ती एका नियमापुरती. खन्नांनी ती सगळ्या घटनेसाठी वाचली. माझं मत विचाराल तर 1965 चा निकाल खन्नांच्या तत्त्वावर उभा असता, तर 1976 मध्ये तो बाजूला सारणं बरंच अवघड गेलं असतं. पण 1965 च्या कोर्टापुढे बिनशर्त आदेश आलेलाच नव्हता, आणि समोर नसलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही म्हणून न्यायाधीशाला दोष देणं इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही. खन्नांना त्यांच्या मताची किंमत मोजावी लागली. जानेवारी 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं, आणि खन्नांनी राजीनामा दिला.

बहुमतातल्या न्यायमूर्तींना एका रंगात रंगवू नका, असंही सांगेन. न्या. चंद्रचूड यांनीच 1974 मध्ये आंध्र प्रदेशातल्या नक्षलवादी कैद्यांच्या खटल्यात (डी. भुवनमोहन पटनाईक) लिहिलं होतं की शिक्षा झाली म्हणून कैद्याचे सगळे मूलभूत हक्क जात नाहीत. दोन वर्षांत तेच नाव एडीएम जबलपूरच्या बहुमतात. आणि न्या. भगवतींनी जानेवारी 1978 मध्ये मनेका गांधी खटल्यात मुख्य निकाल लिहिला. पासपोर्ट जप्तीच्या त्या खटल्याने गोपालनचे कप्पे मोडले. त्यांना पहिला तडा 1970 च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात गेलाच होता. आता नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असावी लागते. एकच माणूस, दोन वर्षांपेक्षाही कमी काळ, आणि दोन टोकं. यावर कोणी प्रबंध लिहिणार असेल तर मला वाचायचा आहे.

पुढचं थोडक्यात. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने कलम 359 मध्येच बदल करून टाकला: आणीबाणीतही कलम 20 आणि 21 स्थगित करता येणार नाहीत. म्हणजे तो 'जर' राष्ट्रपतींच्या आदेशात असावा की नसावा हा प्रश्न या दोन कलमांपुरता मिटला. आता मर्यादा घटनेच्या मजकुरातच आहे. एडीएम जबलपूरचा निकाल मात्र कागदोपत्री कितीतरी वर्षं तसाच राहिला. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो स्पष्ट शब्दांत रद्द ठरवला, आणि ते शब्द लिहिले न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, यशवंत चंद्रचूड यांच्या मुलाने. वर्तमानपत्रांनी बापलेकाची गोष्ट चवीने छापली. त्याच निकालाने खरकसिंग खटल्यात बहुमताने नाकारलेला खासगीपणाचा हक्कही मान्य केला, हे सुब्बाराव यांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. 1962 मधलं भिन्नमत 2017 मध्ये कायदा झालं.

आता ज्यांना हा खटला स्वतः वाचायचा आहे त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. एक, ऑनलाइन शोधताना 'संझगिरी' या नावाचं नेहमीचं रोमन स्पेलिंग टाकलंत तर निकाल हाती लागेलच असं नाही, कारण छापील अहवालात मधे एक जास्तीचा 'ग' आहे, 'संग्झगिरी' वाचलं जावं असा. पुस्तकाचं नावही रोमन लिपीत ओढाताण होऊन छापलंय. मराठी नावांचा माग इंग्रजी दप्तरात काढताना तीन-चार स्पेलिंगं लावून बघायची. दोन, निकाल अगदी छोटा आहे, एका बैठकीत होतो. पण वाचण्याआधी 3 नोव्हेंबर 1962 आणि 27 जून 1975 चे राष्ट्रपतींचे दोन्ही आदेश एका पानावर शेजारी शेजारी उतरवून घ्या. प्रत्येकी काही ओळींचेच आहेत. मग निकालातलं प्रत्येक वाक्य कोणत्या शब्दावर टेकलंय ते पेन्सिलीने जोडत जा, आणि एडीएम जबलपूरची शेकडो पानं त्यानंतरच उघडा.